बोट वर!

जर्मनीत पहिलीत जाणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचा एक भलामोठा शंकू मिळतो. शूलट्यूटे म्हणतात त्याला. पोर जेमतेम त्याच्याआडून दिसतं. आत चॉकलेटं, रंगीत पेन्सिली, एखादं खेळणं. एकोणिसाव्या शतकात सॅक्सनी आणि थुरिंगियाकडे सुरू झालेली ही चाल आता देशभर आहे. आमच्या वेळी रडणारं पोर वर्गात ठेवायचं आणि मागे न बघता घर गाठायचं, एवढाच विधी होता. लाच देण्याची कल्पना आपल्या लोकांना सुचू नये, याचं नवल वाटतं. एरवी या विषयात आपण मागे नसतो.

मुलगी डॉर्टमुंडला असते, म्हणून हे सगळं मला ठाऊक. तिथल्या प्रगतिपुस्तकात 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे पार बुडाला. नातवाला गणितात 1 मिळाल्याचं आमच्या हिने नागपुरात शेजारी सांगितलं, तर वहिनींनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "होईल हो हळूहळू."

मुलीच्या तिकडच्या राज्यात वर्गातलं तापमान 27 अंशांच्या वर गेलं, की मुख्याध्यापक मुलांना लवकर घरी सोडू शकतात. 27! नागपुरात त्या आकड्याला लोक स्वेटर शोधत नाहीत इतकंच. अर्थात उन्हापुढे आम्हीही हात टेकतो. मार्च आला की सकाळची शाळा, आणि उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते तेव्हा विदर्भातली पोरं महिनाअखेरपर्यंत घरीच.

पण खरा फरक बोटाचा. "हाताची घडी, तोंडावर बोट" या मंत्रावर माझी मुलगी वाढली. जितकी गप्प, तितकी गुणी. आता तिच्या मुलाच्या बाई पालकसभेत सांगतात, की लेखी चांगलं आहे, पण वर्गात बोलत नाही, त्याचे गुण जातील. तिथे तोंडी सहभागालाही गुण असतात. उत्तर द्यायचं तर गलका नाही करायचा; तर्जनी उंच करून गुपचूप थांबायचं. आईने सहा वर्षं ज्या पोराला "पाहुण्यांच्या मध्ये बोलू नको" शिकवलं, त्याला आता रोज सकाळी दारात बजावते, "आज तीनदा तरी बोट वर कर हं!"

चौथीत तिथे पोलीसमामा शाळेत येऊन सायकलची परीक्षा घेतात. वळताना हात दाखवला का, मागे पाहिलं का, सगळं तपासतात. (आमच्या व्हरायटी चौकात ही परीक्षा मोठ्यांचीच घ्यावी.) त्याच चौथीत मुलगा पुढे गिम्नाझियमला (व्यायामशाळा नव्हे, विद्यापीठाच्या वाटेवरची माध्यमिक शाळा) जाईल की दुसऱ्या शाळेत, याची शिफारसही बाई करतात. त्या राज्यात शेवटचा शब्द आईबापांचा असला, तरी घरातली झोप उडायची ती उडतेच. दहावीला आपल्याकडे केबल बंद करतात, तसं वातावरण मी तिथे नऊ वर्षांच्या पोराभोवती पाहिलं. फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं बरं होतं, दहावीपर्यंत निवांत." मी तिला तिच्या चौथीच्या स्कॉलरशिपची आठवण करून दिली नाही.

सुट्ट्यांचं गणित मात्र काही केल्या जुळत नाही. तिकडच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीत नातू नागपुरात उतरतो, तेव्हा आंबे संपलेले आणि मामेभावाची शाळा सुरू झालेली. गेल्या वर्षी घरी कंटाळला, म्हणून ओळखीच्या सरांना विचारून त्याला एक दिवस भावासोबत वर्गात बसवलं. सरांनी प्रश्न विचारला. "मी सर, मी सर!" करत अख्खा वर्ग बाकांवर चढला. आमचा हा उत्तर येत असूनही जागेवर ताठ बसला आणि एक बोट वर करून थांबला.

सरांनी मायेने पाहिलं आणि म्हणाले, "जा बाळा, पण हात धुऊन ये."