रॅकवरचा पत्ता

पेठ वडगावसारख्या व्यापारी गावातल्या गोदामात रॅकना पाट्या लावायचं ठरलं, की पहिली हरकत हमालाची येते, आणि ती रास्त असते. माल त्याला तोंडपाठ असतो. ‘पेंड गळक्या पत्र्याखाली हाय, न्हाईतर धाकल्या मालकांनी भांडून घेतलेल्या कोपऱ्यात,’ हा पत्ता कुठल्याही बारकोडपेक्षा पक्का. बारकोडचं वय तरी काय? २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायोत, च्युइंगगमच्या पाकिटावर, तो दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. गळका पत्रा त्याहून जुना.

पुस्तकी पद्धत सोपी आहे: आधी रांग, मग खण, मग फळी. फळ्या खालून वर मोजायच्या, म्हणजे उद्या वर एक चढवली तरी जुने आकडे हलत नाहीत. युक्ती हुशार आहे. पण एक नंबर तळाशी, पेंडीच्या धुळीत? तो मालकाच्या डोळ्यांसमोरच हवा! आणि देवाच्या तसबिरीखालच्या खणाला नंबरच नाही; तिथं उधारीच्या वह्या.

पाटी रॅकच्या आडव्या पट्टीवर लावा, खोक्यावर नको, हेही बजावून झालेलं असतं. चिकटते ती खोक्यावरच. खोकं विकलं जातं आणि ‘अ-०३-०२’ टेम्पोत बसून किणीचा टोलनाका ओलांडतो.

मग पुन्हा हमालाला हाक. तो तंबाखू मळत उठतो. या खेपेला मजुरी मात्र आधी ठरवून घेतो.