पोहायला मोकळीक आहे

राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बंगल्याचा पोहण्याचा तलाव, वर छप्पर नसेल तर, आच्छादित क्षेत्रात धरत नाहीत. नगरपरिषदांना ती लागू, म्हणजे दोंडाईच्यातही अंगणात सूर मारायला आम्ही मोकळे. वीस बाय दहाचा, चार फूट खोल हौद म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. इथे नळ आला की हंडे-कळशांमागोमाग वरणाचं पातेलंही रांगेत लागतं! छप्पर नसल्याने मे महिन्याचं ऊन हौदातलं किती पाणी पिईल, यावर नियमावली गप्प. गरम टबाची हौस असेल, तर दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडा. परवानगी लागत नाही. आमचे शेजारी अण्णा व्यवहारी. म्हणाले, “नकाशा नंतर मंजूर करून घ्या, आधी टँकरला नंबर लावा.”