मागी राजांना, परतीच्या आहेराबाबत

राजमान्य राजश्री गास्पारराव, मेल्किओरराव आणि बाल्थाझारराव यांस,
मुक्काम कलोन कॅथेड्रल, जर्मनी.



आपल्या अस्थी ११६४ पासून कलोनला आहेत अशी तिथल्या लोकांची श्रद्धा, म्हणून पत्र त्या पत्त्यावर. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागुशला मुकुट घातलेली मुलं आपल्या नावाने मिरवतात, पत्र त्यांच्याही हाती देता आलं असतं. पण तक्रार नाताळची आहे आणि तोवर सगळा घोळ होऊन गेलेला असतो.

तक्रार अशी की, भेटवस्तूंचं हे लचांड आपण सुरू केलंत. बाळ येशूच्या घरी कुणी काही मागितलं नव्हतं. आपण तारा बघत आलात आणि बाळंतविडा म्हणून सोनं, ऊद आणि गंधरस पुढ्यात ठेवलात. सोन्याबद्दल बोलत नाही, सोन्याला कुणी नाही म्हणत नाही. ऊदही चालेल. पण गंधरस? त्या काळी प्रेताला लावत ते द्रव्य. तान्ह्या बाळाला! घेणाऱ्याला काय लागतं याचा विचार न करता दुकानातलं सर्वांत भारी दिसेल ते उचलायचं, हा पायंडा तिथेच पडला.

त्याहून कहर पुढे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की, आपण दुसऱ्या वाटेने स्वदेशी निघून गेलात. कारण बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा. असेलही. पण वसईतल्या कुठल्याही गृहिणीला विचारा, ती सांगेल की आपण परतीचा आहेर टाळलात. देऊन मोकळे झालात आणि घेण्याच्या वेळी पसार.

आम्हाला दुसरी वाट नाही. मध्यरात्रीची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात सगळे समोरासमोर. आमच्या घरातली मोठी माणसं चौदा. प्रत्येकाने प्रत्येकाला एक वस्तू द्यायची म्हटलं तर १८२ वस्तू होतात. मग कोण कमी पडलं, कोणाची वस्तू हलकी निघाली, कोणाला दोनदा बेडशीट गेलं, याची वही मोठ्या काकूच्या डोक्यात पुढल्या नाताळापर्यंत उघडी.

त्यातला काचेच्या सहा वाट्यांचा संच आपल्याला दाखवायला हवा. खोक्याचा एक कोपरा चेपलेला. वरचा चकचकीत कागद नवा, पण आतल्या झाकणावरचा वाट्यांचा फोटो पट्टीपुरता सोललेला, म्हणजे आधीच्या कागदाची चिकटपट्टी ओढून काढताना निघालेला. किमतीची चिठ्ठी नखाने खरवडलेली, पहिला आकडा मात्र शिल्लक. आणि पुठ्ठ्याच्या खाचेत एक छोटं कार्ड: 'वहिनीस सप्रेम'. कोणत्या वहिनीस, ते आजतागायत उलगडलेलं नाही. आमच्याकडे त्या संचात खीर कुणी खाल्ली नाही, पण त्याने पाहिली नाहीत अशी घरं थोडी.

या प्रकाराला अर्थशास्त्रज्ञांनीही हात घातलाय. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येलच्या विद्यार्थ्यांना विचारलं की, नाताळात मिळालेल्या वस्तूची किंमत काय असेल आणि तुम्ही स्वतः तिच्यासाठी किती मोजाल? दोन्ही आकड्यांत फरक पडला. त्यांच्या अंदाजाने भेटीच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग हवेत विरतो. मित्रांच्या भेटींत नुकसान कमी, काका-मावश्या आणि आजी-आजोबांच्या भेटींत जास्त. म्हणजे नातं जितकं आदरणीय, तितका गंधरस!

यावर सरळ उपाय पाकिटाचा. तोही करून पाहिला. मी पाचशे द्यायचे, आतेभावाने पाचशे परत करायचे, आणि दोघांनी 'कशाला उगाच' म्हणायचं. हिशेब चोख, पण मजा शून्य. त्यापेक्षा बँकेत रांग लावलेली बरी, निदान शिक्का तरी मारून मिळतो.

शेवटी युक्ती आली ती नेदरलँड्सहून. मावसभाऊ नोकरीनिमित्त तिथे आहे. तिथे संत निकोलसची भेटींची रात्र ५ डिसेंबरची. लहानग्यांना भेटी संत आणतोच, मोठी माणसं मात्र नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव निघेल त्याला एकच भेट. ती नुसती कागदात गुंडाळून द्यायची नाही, तर पुठ्ठा, रद्दी, लुगदी यांचं काहीतरी सोंग करून त्याच्या पोटात लपवायची. सोबत यमक जुळवलेली कविता, घेणाऱ्याच्या वर्षभराच्या खोड्यांवर. खाली सही संताची. कविता ज्याची त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचायची आणि मगच पोट फाडायचं.

हे ऐकल्यावर आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला निनावी फिशपॉन्ड खाल्लेली पिढी आहे ही. लग्नात उखाणा घेताना अडलेली माणसंसुद्धा दुसऱ्यावर चार ओळी करायच्या म्हटल्यावर कवी झाली. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आजीच्या स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलल्या. स्वतःचं किंवा नवरा-बायकोचं नाव आलं तर चिठ्ठी परत. मर्यादा पाचशे रुपयांची. १८२ च्या चौदा झाल्या. शेजारी जाणारं केक-करंज्या-कुलकुलांचं ताट यात धरलेलं नाही. ते ताट कुणी रिकामं परत करत नाही हे खरं, पण तो परतीचा आहेर खाता येतो.

मोठ्या काकूचा आक्षेप होता की, हे पैसे वाचवायचे धंदे आहेत. वाचले, यात शंका नाही. पण मिस्सेला नेमाने उशिरा येणाऱ्या काकांसाठी कुणीतरी फूटभर पुठ्ठ्याचं घड्याळ केलं होतं, काटे पंधरा मिनिटं मागे लावून, आणि आत हातरुमाल. त्या रुमालांची किंमत कुणी विचारली नाही. कविता काकूंनी वाचायला घेतली, कारण काका अजून पोचायचे होते. माझ्या मते पैशाचा भाग गौण आहे. तेरा जणांसाठी खरेदी करताना माणूस यादी डोळ्यांपुढे ठेवतो. एकाच माणसासाठी चार ओळी लिहायच्या तर त्या माणसाकडे महिनाभर बघावं लागतं. आमच्यात ते बंद पडलं होतं.

तेव्हा राजेहो, विनंती अशी. यंदा आपणही चिठ्ठी उचलावी. मत्तय आपली संख्या तीन सांगत नाही, ती भेटींवरून लोकांनी ठरवली. त्यामुळे आपण तिघे असा की तेरा, मिळून एकच वस्तू आणावी. सोनं मर्यादेबाहेर जातं, गंधरस नको, ऊद चालेल. सोबत चार ओळी हव्यात, यमक जुळलेल्या. आणि या खेपेला दुसऱ्या वाटेने जायचं नाही. काचेच्या वाट्यांचा संच बांधून तयार आहे, तो घेऊनच जावं.

आपला,
वसईचा एक त्रस्त यजमान