तीर्थरूप आठ लाख बाट यांस

मुक्काम बचत खाते, हुआ हिन, थायलंड.



पत्रास कारण की, गेली पाच-सहा वर्षं आपण आणि आम्ही एकाच गावात राहतो, पण निवांत दोन शब्द बोलायचा योग काही आला नाही. आपली भेट होते ती पासबुकाच्या पानावर, तीही घाईत. सकाळी बँक उघडताच पान छापून घ्यायचं आणि शाई वाळायच्या आत इमिग्रेशनची खिडकी गाठायची. खिडकीतल्या बाई आधी आपल्याकडे बघतात, मग माझ्याकडे. आपल्याला बघून त्यांच्या मानेला जो समाधानाचा हलकासा डोल येतो, तो मला बघून आजवर कधी आलेला नाही.

हे पत्र खुलं ठेवतोय. रांगेत माझ्या पुढे-मागे जे नॉर्वेकर, स्वीडनकर आणि जर्मन म्हातारे उभे असतात, त्यांच्याही घरचे कर्ते पुरुष आपलेच भाऊबंद आहेत. त्यांना मराठी येत नाही, मला नॉर्वेजियन येत नाही. पण आपल्या नावाची फाइल छातीशी धरून बसायची आमची पद्धत अगदी एक आहे.

प्रथम एक कबुली देतो. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला. ‘सही जुळत नाही’, ‘झेरॉक्सवर सही राहिली’, ‘किमान शिल्लक नाही, दंड लागेल’ ही वाक्यं मी सांगली जिल्ह्यातल्या किती माणसांना ऐकवली असतील त्याचा हिशेब नाही. निवृत्त झालो, गुडघे धरले, मुलगी सिंगापूरला गेली. समुद्र हवा पण कोकणातला पाऊस नको, अशा कोकणस्थी अटीत बसणारं गाव शोधता शोधता इथे पोचलो. आपल्याला भारतातून इथे आणताना परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर स्वतःच्याच नावापुढे सही केली, तेव्हा कळलं नाही की मी आपल्याला आणत नव्हतो. आपण मला आणत होता.

नियम साधा आहे. वय किमान पन्नास हवं, आणि इथल्या बँकेत आपली उपस्थिती हवी. आपण नसाल तर महिन्याला ६५,००० बाटांची आवक दाखवायची. माझ्या पेन्शनचा आकडा बघून खिडकीतल्या बाईंनी तो पर्याय पुन्हा सुचवला नाही. म्हणजे वय माझं आणि वजन आपलं. माझ्या पासपोर्टवर शिक्का पडतो तो एक वर्षाच्या मुदतवाढीचा. लोक विचारतात, ‘व्हिसा कितीचा आहे?’ त्यांना कसं सांगू की व्हिसा पहिल्या नव्वद दिवसांतच आटोपला. त्यानंतर मी जगतोय ती मुदतवाढ, नोकरीच्या अखेरच्या दिवसांत साहेबलोक जगतात तशी.

आणि ही माझी सौभाग्यवती. तिच्या नावावर वेगळे आठ लाख नाहीत, म्हणून ती कागदोपत्री माझी आश्रित. मी आपला आश्रित. आपण कुणाचेच नाही. या उतरंडीत तिला माझ्या खाली बसवायला विवाहाचा दाखला लागला. आमचं लग्न १९८४ सालचं; पुरावा म्हणजे फोटोंचा अल्बम आणि मोडका मिक्सर. मग पासष्टीच्या घरात असताना आम्ही रीतसर नोंदणी केली. तीन साक्षीदार जमवले; लग्न लावणारे गुरुजी केव्हाच देवाघरी गेले होते, त्यांची वेगळी भानगड झाली. मग त्या दाखल्यावर भारतीय वकिलातीचा शिक्का, त्याचं थाई भाषांतर, त्यावर थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का. हिला एवढं हसू येत होतं की म्हणाली, ‘त्या वेळी एवढी चौकशी झाली असती तर बाबांनी विचार बदलला असता.’

आता मूळ विषयाकडे, म्हणजे आपल्या सोवळ्याकडे.

अर्ज करायच्या आधी दोन महिने आपल्याला कुणी शिवायचं नाही. मुदतवाढ मिळाली की पुढे तीन महिने पुन्हा शिवायचं नाही. उरलेल्या सात महिन्यांत आपल्याला हात लावता येतो, पण चार लाखांच्या खाली न्यायचं नाही. आणि नेलं तर पुढच्या वर्षीच्या दोन महिन्यांआधी पुन्हा जागच्या जागी आणून ठेवायचं. २०१९ सालापासून हे असं आहे. त्याआधी सोवळं एवढं कडक नव्हतं, असं रांगेतले जुने म्हातारे सांगतात, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत स्वातंत्र्यपूर्व काळातली स्वस्ताई दिसते. माझी आजी चातुर्मासात सोवळ्याच्या लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवायची. तिला आम्ही मुलं चोरून हात लावायचो. आपल्याला तेवढंही करता येत नाही, कारण आपली बरणी संगणकात आहे आणि हात लावला की ओळ उमटते.

मागच्या वर्षी ती ओळ उमटली. मी आपल्याला हात लावला नव्हता, हे आपण साक्षीला आहात. खात्यात आठ लाख एकशे बारा होते. वरचे एकशे बारा म्हणजे जेमतेम व्याजाची जमलेली चिल्लर, आणि मराठी माणूस म्हणून मला तेवढी पुरेशी वाटली होती. आपण ज्या बँकेत मुक्कामी आहात तिने एके दिवशी एटीएम कार्डाची वार्षिक फी कापली. दोनशे बाट. शिल्लक झाली ७,९९,९१२. पाच दिवसांनी सिंगापूरहून लेकीने थोडे पैसे पाठवले आणि आकडा पुन्हा वर गेला, म्हणून मला पत्ताही नाही.

खिडकीतल्या बाईंना लागला. त्यांनी पासबुकाच्या त्या ओळीखाली पेन्सिल ठेवली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मी ते बघणं ओळखलं. चौतीस वर्षं मी तसंच बघत आलोय. बोलण्यासारखं काही नव्हतंच. दोन महिन्यांचं सोवळं पाच आठवड्यांपूर्वी मोडलं होतं. आपण बाट, आणि आपण बाटलात! फरक होता अठ्ठ्याऐंशी बाटांचा. तेवढ्यात इथे रस्त्यावर येतो एक ताट तुळशीपानाचा चिकन-भात आणि वर एखादा बर्फाचा चहा.

माझी मुदत संपायला दोन आठवडे होते आणि नवं सोवळं पुरं व्हायला जवळपास महिना. मुदत संपून राहिलं तर दंड दिवसाला ५००, कमाल २०,०००. पण दंडापेक्षा पासपोर्टवर ‘राहून गेला’ अशी नोंद पडेल, याचीच माझ्या बँकेत मुरलेल्या मनाला जास्त भीती. मी घरी आलो. ही म्हणाली, ‘मग आता?’ मी म्हटलं, ‘आता पाहुणे म्हणून परत येऊ.’ आणि तसंच केलं. आम्ही दोघं सांगलीला गेलो, भावाकडे आठ दिवस पुरणपोळी खाल्ली, परत आलो. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना विनाव्हिसा ६० दिवस मिळत होते, ते घेतले. त्यांचं रूपांतर २,००० बाट भरून नव्वद दिवसांच्या व्हिसात केलं. त्या नव्वद दिवसांत आपल्याला दोन महिने दारं लावून एकांतात बसवलं. मग १,९०० बाट भरून पुन्हा एक वर्ष. म्हणजे सापशिडीच्या नव्व्याण्णववरून थेट एकावर येऊन पुन्हा चढलो. हिचे तेवढेच पैसे वेगळे, कारण शेपटीला वेगळं तिकीट असतं.

या सगळ्यात आपण जागचे हलला नाहीत. आपल्याला विमानात बसावं लागलं नाही, फोटो काढावे लागले नाहीत. माझे फोटो दर वेळी नवे, ४ बाय ६ सेंटिमीटर, कॉलरचा शर्ट. घराचा नकाशा मी हाताने काढतो: देऊळ, सेव्हन-इलेव्हन, डावीकडे वळण, पुन्हा सेव्हन-इलेव्हन, निळं फाटक. पासपोर्टाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येकीवर निळ्या शाईत सही. बाहेर झेरॉक्सवाली ताई बसते. तिला कायदा कायदेमंत्र्यांपेक्षा जास्त येतो. ती मला ‘लुंग’ म्हणते, म्हणजे काका. माझ्या हातातला गठ्ठा नुसता वजनावरून तपासते आणि म्हणते, ‘लुंग, एक पान कमी.’ कमी असतंच.

आपल्या सुरक्षिततेचं मात्र मला कौतुक वाटतं. इथलं सरकार एका खातेदाराच्या एका बँकेतल्या दहा लाख बाटांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण देतं. म्हणजे उद्या बँक बुडाली तरी आपल्याला ओरखडा नाही. माझं हृदय बुडालं तर माझं मी बघायचं.

आणि मी कुठे आहे, यावर लक्ष ठेवलं जातं तेवढं आपल्यावर नाही. मी घरात राहायला आलो की चोवीस तासांत घरमालकाने कळवायचं, की आला. दर नव्वद दिवसांनी मी स्वतः कळवायचं, की अजून इथेच आहे. आधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस एवढी खिडकी उघडी. हुकलं की २,००० बाट. पूर्वी मी दर नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीचे दाखले गोळा करायचो. काठी टेकत आलेल्या आजोबांना समोर बसवून ‘आजोबा, जिवंत असल्याचा कागद?’ असं विचारायला लाज वाटायची नाही. आता नोव्हेंबरात मी भारताला कळवतो की जिवंत आहे, आणि दर नव्वद दिवसांनी थायलंडला कळवतो की कुठे जिवंत आहे. दोन्ही सरकारांनी आपापसांत एक फोन केला असता तर माझा एक फॉर्म वाचला असता.

पण एका रात्रीची गोष्ट आपल्याला सांगायची राहिली. धाकट्या भावाला झटका आला आणि पुतण्याचा फोन आला. मुदतवाढ असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर ती मुदतवाढ तिथेच मरते; परत यायचं असेल तर जाण्याआधी परतीचा परवाना घ्यायचा, एका खेपेला १,००० बाट, कितीही खेपांना ३,८००. मी सुवर्णभूमी विमानतळावर रात्री दीड वाजता उभा राहून तो फॉर्म भरत होतो. ‘प्रवासाचं कारण’ या रकान्यापाशी पेन थांबला. मागचा माणूस खाकरला. मी ‘कुटुंब’ लिहिलं, फोटो चिकटवला, हजार बाट दिले. भाऊ वाचला, पुरणपोळी त्याच्याच घरची. पण त्या रात्री माझ्याकडे दोनच वस्तू हव्या होत्या, एक तिकीट आणि एक फोटो. आणि कधीही लागेल म्हणून ४ बाय ६ चा फोटो मी तेव्हापासून पाकिटात ठेवतो. हिचा नाही, स्वतःचाच. हिने एकदा पाकीट उघडून पाहिलं आणि काही बोलली नाही.

इथे आम्हा भारतीयांना ‘खॅक’ म्हणतात. बँकॉकच्या सिलोम रस्त्यावरचं मारिअम्मनचं देऊळ लोकांच्या तोंडी ‘वाट खॅक’ आहे. या शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. आपल्याकडे पाहुणा तिसऱ्या दिवशीही राहिला तर त्याची अक्कल काढतात. मी सहाव्या वर्षी पाहुणा आहे. वर्षात १८० दिवस राहिलो की करापुरता मी इथला रहिवासी ठरतो, अर्जावर मात्र तात्पुरता. कायमचा रहिवासी व्हायची सोय आहे, वर्षाला एका देशाच्या शंभर माणसांना. भारतातून शंभर! आमच्या सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त माणसं जेवतात.

आपले श्रीमंत चुलते आहेत, मला माहीत आहे. वर्षाला ८०,००० डॉलरची आवक असलेल्या पेन्शनरांना दहा वर्षांचा व्हिसा मिळतो आणि हजेरी वर्षातून एकदाच. त्यांच्याबद्दल मला असूया नाही. असूया आहे ती आपल्याबद्दल. आमच्या गावात समुद्राकाठी राजाचा उन्हाळी वाडा आहे, क्लाय कांगवोन. नावाचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’. १९३२ च्या जूनमध्ये राजे तिथे असतानाच राजधानीत त्यांची अनियंत्रित सत्ता गेल्याची बातमी आली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्या नावाच्या वाड्यात चिंता गाठते, तर माझं काय! या गावात त्या नावाला खरे जागलेले एकटे आपण.

उद्या बुधवार. साडेआठला बँक उघडते. आपण नेहमीसारखे आठ आकडी चेहऱ्याने, सॉरी, सहा आकडी चेहऱ्याने पानावर या. मी कॉलरचा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. हिने नकाशा यंदा स्वतः काढलाय. तिच्या नकाशात सेव्हन-इलेव्हन एकच आहे आणि आमच्या दारातली तुळस आहे.

आपला आश्रित,
एक खॅक

ता. क. कार्डाची फी पुन्हा कापली जाईल, तेव्हा आपण सोवळ्यात असलात तरी घाबरू नये. आपल्या सोबतीला पाचशे बाट वेगळे ठेवले आहेत, त्यांना शिवलं तरी चालतं.