कॉफीचा उभा छेद

लेकीने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून तिथे कॉफीचा तक्ता लावला. बारा काचेचे कप, सगळे मधोमध कापलेले. शाळेत ज्वालामुखीचा उभा छेद काढून नावं द्यायचो ना, थेट तसे. तळाशी गडद एस्प्रेसो, मध्ये दूध, वर पांढरा फेस.

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहता राहता मी तो पाठ केला. नाटक कंपनी तीन नटांची, नाटकं बारा! दूध जास्त की लाटे, फेस जास्त की कॅपुचिनो. फेसाचा नुसता ठिपका दिला की मॅकिआटो, म्हणजे इटालियनमध्ये 'डाग पडलेली'. आमच्याकडे डाग बशीत पडतो. एस्प्रेसोत गरम पाणी ओतलं की अमेरिकानो. अवचित पाहुणे आले की आमच्या चहाचंही हेच होतं, पण त्याचं बारसं करायचं कुणाला सुचलं नाही.

एस्प्रेसो आणायची कुठून, यावर मात्र तक्ता गप्प. तिला म्हणे 9 बारचा दाब लागतो. आपल्या कुकरची शिट्टी होते ती साधारण 1 बारला. म्हणजे नऊ कुकरांचं बळ एकवटायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांनी हाती काय, तर 30 मिलिलिटर. बाळाच्या बोंडल्यात मावेल एवढी!

आईची कॉफी बिनदाबाची. कपात चमचाभर कॉफी, दोन चमचे साखर, पाण्याचे चार थेंब. मग मनगट भरून येईपर्यंत फेटायचं. काळपट लगदा बदामी झाला की वरून उकळतं दूध आणि किसलेलं जायफळ. 2020च्या टाळेबंदीत दूध खाली आणि फेटलेली कॉफी वर अशी उलटापालट होऊन 'दालगोना' जगभर गाजली, तेव्हा आईने फक्त "बरं" म्हटलं होतं.

चष्मा लावून तिने बाराही कप तपासले.

"यात जायफळ कुठल्या कपात?"

"आजी, इटलीत जायफळ नाही घालत कॉफीत."

"म्हणून झोप येत नाही त्यांना."

महिनाअखेरीस दूधवाल्याने हिशेब मागितला. कालनिर्णय जागेवर नव्हतं, तरी आई अडली नाही. दुधाचे खाडे तिने कॅपुचिनोच्या फेसात पेन्सिलीने मांडून ठेवले होते. 7 आणि 18 तारखेला दूध आलेलं नाही.