गल्लीचं खातं उघडा

निलंग्याच्या कडेला नव्या वस्तीत घर बांधलं की पहिली वर्गणी गणपतीची नसते, मुरमाची असते. मिरग लागायच्या आत गल्लीतला एखादा खटपट्या माणूस घरोघर फिरतो, पैसे गोळा करतो आणि दोन टिप्पर मुरूम सांगतो. हिशोब ब्रासवर, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. टिप्पर गल्लीच्या तोंडाशी रिता होतो, पोरं फावड्याने पसरतात, ओळखीचा कुणी ट्रॅक्टर चार वेळा मागंपुढं फिरवून दबाई करून देतो. खाली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचा मुरूम पोटात घेते. पोळ्यापर्यंत गल्लीत पुन्हा चिखल, पुढच्या मिरगाला पुन्हा वर्गणी.

या वर्गणीची नोंद नगरपालिकेच्या कोणत्याही वहीत होत नाही. म्हणूनच ‘लोकांना सगळं फुकट पाहिजे’ असं म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. हे वाक्य खोटं आहे. घरमालक रस्त्याचे पैसे आजही देतोय, वेगवेगळ्या खिडक्यांवर, वेगवेगळ्या नावांनी. रस्त्याच्या खर्चात त्याच्याकडे उघडपणे वाटा मागायला माझी ना नाही. मात्र आधी घेतलेल्या पैशाचा हिशोब गल्लीसमोर ठेवा, मग हात पुढे करा.

किती ठिकाणी देतो ते बघा. प्लॉटच्या किमतीतच रस्ता आला. एन.ए. ले-आउट करणाऱ्याला आपल्या जमिनीतून रस्ते सोडावे लागतात, ले-आउट मोठा असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि आतले रस्ते बांधून पालिकेच्या ताब्यात देणं हीही त्याचीच जबाबदारी. सोडलेली जमीन तो प्लॉटच्या दरात चढवतो. बाराशे फुटांचा प्लॉट घेणारा माणूस समोरच्या रस्त्याची जमीन तेव्हाच विकत घेऊन बसलेला असतो. रस्ता तेवढा नकाशावर राहिलेला असतो. पुढे बांधकाम परवानगीला गेलं की विकास शुल्क. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात हे प्रकरण 1992 साली घातलं गेलं. राहत्या घरासाठी रेडी रेकनरच्या दराने जमिनीवर अर्धा टक्का, बांधकामावर दोन टक्के. हा पैसा वेगळ्या निधीत ठेवून सार्वजनिक सोयींवर खर्च करा, असं तोच कायदा सांगतो. मग दरसालची घरपट्टी आहेच. थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती. नळाची जोडणी घ्यायची तर रस्ता फोडण्याचे पैसे वेगळे, आणि फोडलेला चर बुजवायला पुन्हा मालकाचाच मुरूम.

एन.ए. प्लॉट सगळ्यांना परवडत नाही. ज्यांना परवडला नाही त्यांनी बॉन्डवर गुंठा-दीड गुंठा घेतला. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरा आणि प्लॉट नियमित करून घ्या. आधी ही सोय 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या प्लॉटांना होती. 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मुदतीची आणि शुल्काच्या रकमेची. या कायद्यातली खरी मोलाची तरतूद वेगळीच आहे. जमा झालेल्या शुल्काचा हिशोब ले-आउटनिहाय ठेवायचा, आणि तो पैसा त्याच ले-आउटमधल्या सोयींना लावायचा. रस्ता तिथलाच, नाली तिथलीच, जागा घ्यायची झाली तर तीही तिथल्याच लोकांसाठी. महाराष्ट्रातल्या नागरी कायद्यांत मला ही सगळ्यात शहाणी तरतूद वाटते. गल्लीचं खातं विधिमंडळाने पाव शतकापूर्वीच मंजूर केलेलं आहे. ते खातं कोणत्या कपाटात आहे, एवढंच आता विचारायचं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.

पालिकेचीही अडचण खरी आहे आणि ती मांडली पाहिजे. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. रोजचा नगद पैसा गेला आणि वरून येणाऱ्या हप्त्याकडे डोळे लावून बसणं आलं. आता रस्ता करायचा तर नगरोत्थान, विशेष रस्ता अनुदान, वित्त आयोग, आमदार निधी यांतलं काहीतरी हाती लागावं लागतं. नगरोत्थानासारख्या योजनेत पालिकेला स्वहिस्सा भरावा लागतो. स्वहिस्सा येतो घरपट्टीतून. याचा अर्थ नीट लावा: जिच्या नशिबी अजून चिखल आहे त्या गल्लीची घरपट्टी दुसऱ्या गल्लीच्या सिमेंट रस्त्याला लागते. त्यातही प्रस्ताव ज्याचा वजनदार त्याचा रस्ता आधी. काम झालं की कोपऱ्यावर फलक उभा राहतो, ‘अमुक यांच्या प्रयत्नातून’. ज्यांच्या खिशातून झालं त्यांचा त्या फलकावर उल्लेखही नसतो. हा फलक मला दरवेळी टोचतो. त्या जागी पाच आकडे लिहा: एकूण खर्च, राज्याचा वाटा, पालिकेचा वाटा, या गल्लीचा वाटा, आणि कंत्राटदाराने किती वर्षं दुरुस्ती करायची ते.

झालेला रस्ता तरी कसा होतो? जुना थर न उकरता त्याच्यावरच सिमेंट ओतलं जातं. एकदा असं झालं की ओट्याची एक पायरी गाडली जाते. दुसऱ्यांदा झालं की रस्ता जोत्याला येऊन टेकतो. मग मोठ्या पावसात पाणी नालीकडे जायचं सोडून उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात येतं. घरातली बाई पहाटे उठून तांदळाचा डबा माळ्यावर चढवते, मालक उंबऱ्याला दोन विटांचा बांध घालतो. ऐपत असेल तो फरशी उचलून भर टाकतो, दार कापून घेतो, चौकट वर उचलतो. हा खर्च रस्त्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो आणि तो पूर्णपणे घरमालकाचा असतो. म्हणून वाटा मागायचा असेल तर माझी पहिली अट: जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, आणि रस्त्याची लेव्हल कुठवर येणार हे काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतीवर रंगाने आखून दाखवायचं. रेघ जोत्याच्या वर दिसली तर काम तिथेच थांबवायचा हक्क गल्लीला पाहिजे.

वाटा मागणं जगावेगळं नाही. जर्मनीत नव्या वस्तीतला रस्ता पहिल्यांदा बांधला जातो तेव्हा लगतच्या मालमत्ताधारकांवर खर्चाचा नव्वद टक्क्यांपर्यंत भार टाकता येतो; किमान दहा टक्के पालिकेने सोसायचे. तिथले लोक ते भरतात. पण आधीच झालेल्या रस्त्याच्या नूतनीकरणालाही नोटिसा यायला लागल्या तेव्हा बव्हेरियातले लोक उठले, आणि त्या राज्याने 2018 पासून ही दुसरी वसुली बंद केली. पहिला रस्ता आणि नूतनीकरण यांतला हा भेद आपणही धरला पाहिजे. जवळचं उदाहरण गुजरातचं. खासगी सोसायट्यांमधल्या कामांना तिथे राज्याचे 70, सोसायटीचे 20 आणि पालिकेचे 10 टक्के असं सूत्र आहे. सोसायटीला आपला आकडा आधी कळतो, मगच ती हो म्हणते.

आपल्याकडे तर ही कल्पना आणखी जुनी. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून, सुधारणेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतला हिस्सा मालकाकडून घ्यायची सोय आहे. 1966 च्या कायद्यातल्या नगररचना परियोजनेतही ती आली. 1915 ला निलंगा मात्र निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. अहमदपूर आणि उदगीरसोबत तो 1956 ला मुंबई राज्यात आला, 1982 ला लातूर जिल्ह्यात गेला. कायदे आमच्याकडे उशिरा पोचले, आणि त्यांतला वसुलीचा भाग तेवढा आधी पोचला, असं मला नेहमी वाटतं.

आता वाटणीचं बोलू, कारण भांडणं तिथेच होतात. लातूर-जहिराबाद रस्ता किंवा बाजाराकडे जाणारा गावातला मोठा रस्ता यांचा खर्च लगतच्या घरांवर टाकायचा नाही. त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, एसटी जाते, सगळा तालुका जातो. वाटा मागायचा तो फक्त आतल्या गल्लीचा, तोही पहिल्या पक्क्या रस्त्यापुरता. आणि तो वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

मोजायचं कसं? दर्शनी बाजूवर मोजलं तर सोपं पडतं. समजा प्लॉट तीस बाय चाळीसचे आहेत. मधल्या घराला तीस फुटांचे पैसे, कोपऱ्याच्या घराला तीस अधिक चाळीस असे सत्तर फुटांचे. कोपऱ्यावाला म्हणणार, मी काय दुप्पट चालतो का? त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याची लांब बाजू निम्मी धरा, म्हणजे पन्नास फूट होतात. मात्र त्या बाजूला त्याने दुकानाचं शटर काढलं असेल तर पूर्ण सत्तर फुटांचे घ्या, कारण तिथे रस्ता त्याला रोज कमावून देतो.

आणि सगळ्यात आधी नोटीस पाठवा ती रिकाम्या प्लॉटवाल्याला. कोणत्याही नव्या ले-आउटमध्ये चक्कर मारा. चार घरं, मग येडी बाभळ माजलेले तीन प्लॉट, मग दोन घरं. या प्लॉटांचे मालक लातूरला, पुण्याला, हैदराबादला. मुरमाच्या वर्गणीला त्यांचा फोन लागत नाही. त्यांच्या जागेसमोरचा खड्डा शेजारचा शिक्षक आणि त्याच्या पलीकडचा गवंडी मिळून बुजवतात. गल्लीत सिमेंट रस्ता झाला की पहिला भाव वाढतो तो या बाभळीचा. रस्त्याचा नफा घरात राहणाऱ्याला चालण्यापुरता मिळतो, प्लॉट धरून बसलेल्याला रोखीत मिळतो. म्हणून त्याचा वाटा पूर्ण आणि आगाऊ, आणि तो भरल्याशिवाय मालमत्तेचा उतारा द्यायचा नाही, विक्रीच्या वेळी तर नाहीच. यासाठी कायद्यात बदल लागणार असेल तर तो मागायला हवा.

उलट, मोलमजुरी करून पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केलेल्या घराला एकरकमी नोटीस पाठवणं हा अन्याय आहे. त्याचा वाटा घरपट्टीबरोबर चार-पाच वर्षांत फेडता आला पाहिजे, त्यावर शास्ती नको. जिथे कमावतं माणूसच राहिलं नाही तिथे पालिकेने आपल्या पदरचे घालावेत. भाडेकरूच्या भाड्यात हा वाटा चढवू नये. रस्त्याने वाढलेली किंमत भाडेकरूच्या हाती कधीच येत नाही.

लोक देणार नाहीत ही भीती कुणी घालू नये. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते देशाने पाहिलं. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या लोकांनी वर्गणी काढून मांजरेचं पात्र खोल आणि रुंद करायला घेतलं, तेही इथे सगळ्यांना आठवतं. व्यापाऱ्याने दिले, डॉक्टरने दिले, पेन्शनवाल्याने दिले. काम डोळ्यांसमोर होतं, पोकलेन चालताना दिसत होता. खेड्यांत जल जीवन मिशनच्या गावातल्या कामांनाही दहा टक्के लोकवर्गणीची अट आहे. रस्त्यालाच लोक तयार होणार नाहीत असं समजायला काहीच आधार नाही. लोक बिचकतात ते पैसे गेल्यावर ते कुठे गेले हे कळत नाही म्हणून.

ते कळायचं ठिकाणही कायद्यात आहे. 2009 मध्ये नगरपरिषदांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली: आपल्या भागातल्या मतदारांनी बसायचं, कामं सुचवायची, हिशोब विचारायचा. ग्रामसभा आपल्याला माहीत आहे, निदान तिची तारीख तरी लागते. क्षेत्रसभेची नोटीस दारावर लागलेली किती जणांनी पाहिली? राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर मध्ये काही वर्षं प्रशासक होते, विचारायला नगरसेवकही नव्हता. त्या काळात घेतलेल्या शुल्काचा हिशोब तर आधी मागितला पाहिजे.

नगरपालिकेची कर आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. नोटीस घरी येते, हरकतीला मुदत असते, सुनावणीला तारीख मिळते. आपण त्या अर्जात एकच लिहितो, की कर फार वाढला, कमी करा. पुढच्या वेळी त्याखाली आणखी एक ओळ लिहा आणि गल्लीतल्या सगळ्यांकडून लिहून घ्या: आमच्या ले-आउटच्या नावे आजवर किती जमा झाले, त्यातले आमच्या रस्त्यावर किती खर्च झाले, ते लेखी कळवावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.