पाहुणा परग्रहावरचा, चर्चा घरच्यांची

अहो, ऐकलंत का? त्या कोलंबिया पिक्चर्सवाल्यांच्या हातून एलियन एकदा नाही, चांगला दोनदा निसटला! आणि दोन्ही वेळा दारात येऊन उभा होता हो. पहिल्यांदा सत्यजित राय घेऊन आले होते, दुसऱ्यांदा स्पीलबर्ग. रायांचं तर तुम्हाला ठाऊकच असेल... नाही? मग जरा अशा इकडे या, तुळशीच्या बाजूला. आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर मध्येच तारखा दुरुस्त करत बसतील.

1967 ची गोष्ट. रायांनी ‘द एलियन’ म्हणून पटकथा लिहिली. बंगालातलं खेडं, गावच्या तळ्यात यान उतरतं, आणि गावकऱ्यांना वाटतं, अगंबाई, पाण्यातून देऊळच वर आलं! लागलीच पूजा सुरू. एक मारवाडी शेठ म्हणतो, मी संगमरवर बसवतो. तो शेठ करणार होता पीटर सेलर्स, आहात कुठे! मध्यस्थ कोण, तर माइक विल्सन. तो हो, लंकेतला, विज्ञानकथावाल्या आर्थर क्लार्कचा दोस्त. राय हॉलिवूडला पोचतात आणि बघतात तर काय, आपल्या पटकथेच्या सायक्लोस्टाइल प्रती गावभर फिरतायत, आणि कॉपीराइटमध्ये स्वतःच्या नावाबरोबर विल्सनचंही नाव! पटकथा तर लिहिली होती रायांनीच. काय चेहरा झाला असेल रायांचा.

बरं, सेलर्स तरी सरळ असावा? तो गेला ‘द पार्टी’त वेंधळा हिंदुस्थानी रंगवायला, आणि त्यातल्या पाळीव माकडाचं नाव काय, तर अपू! ज्याच्यावर रायांनी तीन सिनेमे काढले, तो अपू. मग ब्रँडोचं नाव निघालं, तेही बारगळलं. पुढे विल्सननं चक्क डोकं भादरून संन्यास घेतला, स्वामी शिव कल्की झाला, आणि रायांना पत्र धाडलं. त्यात राय म्हणजे रावण आणि पटकथा म्हणजे सीता, ठेव म्हणे तुझ्याकडे. आता तुम्हीच सांगा, सीता पळवली कुणी होती?

आणि 1982 साली ‘ई.टी.’ आला. राय म्हणाले, त्या प्रती अमेरिकाभर फिरल्या नसत्या तर हा सिनेमा झालाच नसता. क्लार्कलाही साम्य दिसलं. स्पीलबर्ग म्हणाला, छे हो, मी तेव्हा शाळेत होतो. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण गंमत पुढेच आहे. ‘ई.टी.’चं स्क्रिप्टसुद्धा आधी कोलंबियाकडेच होतं! त्यांनी पाहणी करून ठरवलं, हे काही मोठी माणसं बघायची नाहीत, पोरांपुरतं आहे. दिलं सोडून युनिव्हर्सलला, आणि स्वतः ‘स्टारमॅन’ करत बसले. नफ्यातले पाच टक्के मात्र राखून ठेवले होते. म्हणतात, त्या वर्षी स्वतःच्या कुठल्या सिनेमानं दिलं नाही इतकं त्या पाच टक्क्यांनी दिलं. मीटिंगमध्ये ‘नको’ म्हणणाऱ्या साहेबांचं तोंड बघायला हवं होतं!

तर काय सांगत होते... हां, असे सिनेमे चालतात कशावर आणि पडतात कशावर. आमच्या वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणतात, एलियनचे सिनेमे ग्राफिक्सवर चालतात. मी म्हटलं, भावजी, परगावचा पाहुणा घरी आला की शेजारीपाजारी काय बघतात? पाहुण्याची बॅग? नाही. ते बघतात घरचे कसे वागले. पाणी कुणी दिलं, कपाळाला आठी कुणाच्या पडली, सून आत जाऊन काय पुटपुटली. सिनेमाचं तेच आहे. घरात माणसं असतील तर पाहुणा शोभतो, नाहीतर नुसती रोषणाई. गप्प झाले.

रायांचीच ती 1962 ची बंकूबाबूंची गोष्ट घ्या. पटकथेचं मूळ तिथलंच. गरीब मास्तर. वकिलाच्या ओसरीवर रोज मंडळी जमतात आणि ह्यांची टिंगल करतात. एका रात्री बांबूच्या बनात ह्यांना परग्रहावरचा प्राणी भेटतो, दोन शब्द नीट बोलतो. बस, तेवढंच! पण त्यानंतर बंकूबाबू परत ओसरीवर जातात आणि एकेकाला असं सुनावतात की सगळे थिजून बघत राहतात. खरी मजा तिथे आहे. एलियन तर तोवर निघूनही गेला.

‘ई.टी.’तही पाहा. जेवणाच्या टेबलावर पोरगा रागाच्या भरात बोलून जातो, बाबा मेक्सिकोला गेलेत, त्या सॅलीबरोबर. आईचा चेहरा असा खर्रकन उतरतो! आणि ई.टी. अजून घरात शिरलेलाही नसतो हं. घरात बापाची जागा रिकामी आहे हे आपल्याला आधी कळतं, मग तिथे तो बुटका येऊन बसतो. कॅमेरा पोरांच्या उंचीवर, मोठ्यांची तोंडं बराच वेळ दिसतच नाहीत, दिसते ती एकटी आई. शूटिंगसुद्धा बरंचसं गोष्टीच्या क्रमानं केलं, म्हणून निरोपाला ती मुलं खरंखुरं रडली. आणि त्या मार्स चॉकलेट कंपनीवाल्यांनी आपल्या एम अँड एमच्या गोळ्या सिनेमात द्यायला नकार दिला, तो किस्सा... जाऊ दे, तो परत कधीतरी. दुसऱ्या कंपनीची चांदी झाली एवढं लक्षात ठेवा.

पण माझ्याच बोलण्याला छेद देणारं एक प्रकरण आहे बरं का. ‘ई.टी.’ लागला 11 जूनला, आणि 25 जूनला त्याच युनिव्हर्सलनं जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ लावला. अंटार्क्टिकातल्या तळावर बारा पुरुष, आणि एलियन कुणाचंही रूप घेतो. शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे का, ह्याचा पत्ता नाही. ती रक्ताची परीक्षा आठवते ना? एकेकाच्या रक्तात तापलेली तार बुडवतात, तेव्हा सिनेमा त्या प्राण्याकडे बघतच नाही, खुर्चीला बांधलेल्यांच्या तोंडाकडे बघतो. घर भरलेलं, माणसं पक्की, आणि तरी थिएटरात आपटला! समीक्षकांनी नाकं मुरडली. लोक नुकते त्या बुटक्याला निरोप देऊन डोळे पुसत बाहेर आले होते, त्यांना हे रक्तमांस कुठून रुचणार? पुढे व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचल्या आणि तेच लोक वाखाणायला लागले. तेव्हा वेळ नावाची चीज आहेच. पंगतीत श्रीखंडावर कुणी तिखटजाळ रस्सा वाढला तर... असो.

रिडली स्कॉटच्या 1979 च्या ‘एलियन’ला मात्र वेळही साधली. त्यात सुरुवातीला भांडण कशावरून? बोनसवरून! यंत्रावर काम करणारे ते दोघं कुरकुरत असतात, आम्हाला पूर्ण वाटा नाही. मला तर आमच्या सोसायटीची सभाच आठवली. आणि ती छाती फोडून पिल्लू बाहेर येतं ती पंगत! नटांना पिल्लू येणार हे माहीत होतं, रक्त किती उडणार हे नव्हतं. त्या व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर सप्पकन उडालं, ती जी किंचाळली ती अस्सल. मोठ्या प्राण्याच्या पोशाखात होता बोलाजी बडेजो, नायजेरियाचा ताडमाड मुलगा, लंडनच्या पबमध्ये सापडलेला. पण तो अख्ख्या सिनेमात दिसतो किती? मोजकी मिनिटं.

त्याहून शहाणा कुब्रिक. ‘2001’साठी एलियनची किती रूपं करून बघितली, आणि शेवटी दाखवलाच नाही. कार्ल सेगनचा सल्लाही तोच होता म्हणे.

आणि न दाखवण्याचंच म्हणाल, तर हाळ? खालापूरजवळचं हाळ हो! एक्स्प्रेस वेनं पुण्याला जाताना टोलपाशी आपण पर्स चाचपायचो ना, तो भाग. ‘क्लोज एन्काउंटर्स’मधला भारताचा प्रसंग तिथे चित्रित झालाय. जमाव एक सूर आळवतोय, कुणीतरी विचारतं हा आवाज आला कुठून, आणि शेकडो बोटं एकदम आभाळाकडे! यान नाही, प्रकाश नाही, आपल्या रायगडची माणसं आणि त्यांची बोटं. अंगावर काटा येतो. इंजिनिअर भावजींना सांगितलं तर म्हणाले, खर्च वाचवला असेल. घ्या!

हेच भावजी ‘साइन्स’वर मात्र अजून धुसफुसतात. पाण्यानं भाजणारे प्राणी पाण्यानं भरलेल्या ग्रहावर येतातच कशाला, बिनकपड्यांचे? मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पण थिएटरात लोकांनी विचारला नाही, कारण लोक त्या बायको गमावलेल्या पाद्र्यात आणि त्याच्या पोरांत अडकले होते. ‘इंडिपेन्डन्स डे’त लॅपटॉपवरून परग्रहाच्या यानात व्हायरस सोडतात, तेही चाललंच की. आणि वीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला, यान आणखी अवाढव्य, आणि आता एक तरी पात्र आठवतंय का तुम्हाला? मला नाही.

आपल्याकडे ‘कोई मिल गया’ त्या जादू नावाच्या एलियनवर चालला असं पोरं म्हणतात. मी म्हणते रेखावर आणि हृतिकच्या त्या भाबड्या चेहऱ्यावर. ‘पीके’मध्ये तर एलियनला साधा पोशाखही नाही, आमिर खान तो आमिर खानच. पण तो देवांचे ‘लापता’ म्हणून कागद वाटतो, तेव्हा लोकांची तोंडं...

आणि ‘जोकर’? 2012 चा, फराह खानबाईंच्या मिस्टरांचा. कल्पना काय सुरेख होती! नकाशावर नसलेलं गाव लक्ष वेधायला खोटे एलियन उभे करतं. राय हयात असते तर कान टवकारले असते. पण गावातला जो तो वेडाच दाखवलाय. पाहुणा खोटा येवो की खरा, दचकायला एक शहाणा माणूस नको का शिल्लक? शेवटी खराखुरा एलियन आला, तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, ना पडद्यावर ना खुर्च्यांत. आणि अक्षयकुमार प्रमोशनला फिरकलासुद्धा नाही म्हणतात!